मार खाणाऱ्याचं काम

रंगमंचावर कानाखाली वाजते तेव्हा आवाज मार खाणाऱ्याच्याच हातून आलेला असतो. मारणारा आपला हात समोरच्याच्या गालापासून वीतभर लांबून फिरवतो; समोरचा नेमक्या त्याच क्षणी पोटाजवळ स्वतःच्या तळव्यांची टाळी वाजवतो आणि मान झटकतो. प्रेक्षकांकडे त्याची पाठ असते, म्हणून टाळी दिसत नाही. मान आधी वळली आणि आवाज मागून आला, की सगळं उघडं पडतं. एका एकांकिकेच्या तालमीला बसून मी हे पाहत होतो. मारणाऱ्याला ताई फारसं काही सांगतच नव्हत्या (दिग्दर्शिकेला सगळे ताईच म्हणत). साऱ्या सूचना मार खाणाऱ्याला.

गोष्ट साधी होती. दोन भाऊ, त्यांच्या रिक्षात राहून गेलेली चोरीची बॅग आणि ती शोधत आलेला गुंड. धाकट्याच्या वाट्याला पडापडी फार. पडायचंही शिकावं लागतं: गुडघे आधी वाकवायचे, हनुवटी छातीला लावायची, मांडीच्या बाजूवर उतरायचं, मनगटावर भार कधीच घ्यायचा नाही. ‘धप्प’ आवाज काढायचा तो तळहात जमिनीवर आपटून. पोरगा हे सगळं पटकन शिकला. पण तो पडला की हसू येण्याऐवजी कोपऱ्यात बसलेल्या मुली ‘‘लागलं का रे?’’ विचारायच्या.

तेव्हा ताईंनी लॅपटॉपवर ‘चलती का नाम गाडी’ लावला, आवाज बंद करून. अट एकच: किशोरकुमारकडे बघायचं नाही.

ही अट पाळणं महाकठीण. सत्येन बोस यांचा 1958 चा हा सिनेमा आपल्याला आठवतो तोच मुळी किशोरकुमारच्या ढोपरांसकट आणि भुवयांसकट. गॅरेज चालवणारे तीन भाऊ, आणि पडद्याबाहेरही सख्खे भाऊ असलेले अशोककुमार, अनुपकुमार, किशोरकुमार. थोरला ब्रिजमोहन मुष्टियोद्धा. प्रेमात पोळलेला, म्हणून बायकांचं नाव काढू न देणारा. पावसाळी रात्री मधुबाला बंद पडलेली गाडी घेऊन येते, किशोरकुमारचा मन्नू पाना-हातोडीच्या तालावर गात ती दुरुस्त करतो, आणि ती पैसे न देताच निघून जाते. बाकी राहतात पाच रुपये बारा आणे. नवे पैसे एप्रिल 1957 मध्येच चलनात आले होते, तरी सिनेमानं आणेच धरून ठेवले, आणि बरं केलं. पावणेसहाच्या त्या हिशेबाला आण्यांशिवाय मजाच आली नसती. ती वसुली करता करता मन्नू श्रीमंत मुलींच्या इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या राजासाहेबाच्या वाटेत येतो आणि भावांमागे संकट लागतं.

आवाज बंद असला की कोण काय करतंय याहून कोण काय करत नाहीये, ते दिसू लागतं. किशोरकुमारच्या अंगातला एकही सांधा स्वस्थ नसतो. अनुपकुमारचा जग्गू घाबरतो, पण घाबरण्याआधी एक क्षण थांबतो. आणि अशोककुमार? ते नुसते बघतात. थोरल्या भावाचा तो धाक सगळाच अभिनयातून आला असेल असं मला वाटत नाही. दादामुनींचा, म्हणजे अशोककुमारांचा जन्म 1911 चा, किशोरचा 1929 चा. अठरा वर्षांनी मोठा असलेला भाऊ समोर उभा राहिला की धाकट्याचा चळवळेपणा आपोआपच गुन्हा वाटायला लागतो. आपण हसतो ते मन्नूच्या उड्यांना नाही, आता दादा काय म्हणेल या धास्तीला.

मला सर्वांत जास्त गुंतवलं ते राजासाहेब झालेल्या के. एन. सिंग यांनी. त्याच वर्षी आलेल्या ‘हावडा ब्रिज’मध्येही अशोककुमार, मधुबाला आणि खलनायक के. एन. सिंग असे तिघं आहेत. तो सरळसरळ गुन्हेपट. दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ पाहावेत. राजा हरदयाल सिंगच्या भूमिकेत हा माणूस विनोदी सिनेमात आल्याचं स्वतःला कळूच देत नाही. तोच थंडपणा, तीच रोखलेली नजर. त्यांनी एकदा जरी डोळा मारला असता तरी तिघा भावांची धावपळ नुसता पोरखेळ झाली असती.

आमच्या एकांकिकेतला गुंड मात्र पहिल्यापासून लंगडत होता. शिवाय तिरळं बघत होता, आणि ‘बॅग’ला ‘ब्याऽग’ म्हणत होता. ताईंनी त्याचं लंगडणं काढलं, तिरळेपण काढलं, मग ब्याऽगही काढली. त्याला सांगितलं, सावकाश आत ये, रिक्षाच्या सीटवर हात फिरवून बघ, घाई करू नकोस. तो तसा आला. धाकट्यानं बॅगेवर बसकण मारली, घसरला, पडला. थोरल्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीत हशा पिकला. पडणं अगदी तेच होतं. फरक एवढाच, की आता सापडलो तर खरंच मरू, हे पडणाऱ्याला माहीत होतं. तो गुंडाचा हात सीटपाशी पोचेपर्यंत थांबून मग घसरला.

गुंडाचं तोंड उतरलं होतं. ‘‘ताई, माझ्यावर कुणीच हसत नाहीये.’’

‘‘मग ठेव तसंच,’’ ताई वहीत काहीतरी लिहीत म्हणाल्या. ‘‘चला, सीटपासून पुन्हा घ्या. आणि टाळी जरा खाली रे, तिसऱ्या रांगेतून दिसतेय.’’