वसाहतोत्तर साहित्य : विनामूल्य शिका

● ओपन येल कोर्सेस : पॉल फ्राय यांची साहित्य सिद्धांतावरील २६ व्याख्याने. त्यातले बाविसावे एडवर्ड सैद आणि मुंबईत जन्मलेले समीक्षक होमी भाभा (अणुशास्त्रज्ञ नव्हेत) यांच्यावर. इंग्रजी उच्चार कळायला जड गेले, तर सोबतची लिखित संहिता समोर ठेवा.

● एनपीटीईएल : आयआयटी कानपूरचा वसाहतोत्तर साहित्यावरील अभ्यासक्रम. व्याख्याने मोफत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला.

● एमरी विद्यापीठ : वसाहतोत्तर लेखक, विचारवंत आणि संकल्पनांवर आटोपशीर नोंदी. टिपणे काढायला उत्तम.

● जेस्टोर : मोफत खाते उघडल्यास महिन्याला १०० शोधलेख ऑनलाइन वाचता येतात.

व्याख्यानांवर थांबू नका; सैद यांचे ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) ग्रंथालयातून मिळवून मुळातून वाचाच.