संत्र्याचे आइस्क्रीम फ्लोट : बारीक फळांचा घरगुती उपयोग



विदर्भातील संत्रा बागायतदाराला फळांच्या प्रतवारीचा अनुभव नवा नाही. व्यापारी बाग पाहतो, मोठा व चकाकीचा माल निवडून घेतो आणि बारीक, चुरीचा किंवा कोळशीने काळवंडलेला माल एकतर मातीमोल भावाने मागतो, नाहीतर झाडाखालीच सोडून जातो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा मान बारीक फळाच्या वाट्याला क्वचितच येतो. नेर, दारव्हा भागात कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके असली, तरी ओलिताची सोय असलेल्या शेतकऱ्यांकडे संत्र्याच्या बागा आहेत. मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तोडणीस येतात, म्हणजे नेमका उन्हाळा सुरू होतो तेव्हा. त्याच वेळी घरातील मुले बाजारातील रंगीत बाटल्यांसाठी हट्ट धरतात. बांधावर फळ सडत आहे आणि घरात पैसे देऊन रंगीत पाणी येत आहे, ही विसंगती दूर करता येण्यासारखी आहे. त्यासाठी संत्र्याचा स्क्वॅश आणि त्यापासून आइस्क्रीम फ्लोट घरी कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

फ्लोट म्हणजे काय?

फळाच्या रसाचे किंवा सरबताचे थंड, वायुयुक्त पेय पेल्यात घेऊन त्यावर आइस्क्रीमचा गोळा तरंगत ठेवला की त्यास फ्लोट म्हणतात. या प्रकाराचे श्रेय साधारणपणे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील रॉबर्ट ग्रीन या सोडाविक्रेत्याला दिले जाते. त्याने १८७४ साली तेथील एका प्रदर्शनात सोड्यात आइस्क्रीम घालून विकले. आपल्याकडे पुण्याची मस्तानी प्रसिद्ध आहे. मस्तानीत मात्र सोडा नसतो. घट्ट, थंड, फळाच्या स्वादाच्या दुधावर आइस्क्रीम घातलेले असते. संत्रा आंबट असल्याने तो दुधात मिसळल्यास दूध फाटते, म्हणून संत्र्यासाठी मस्तानीपेक्षा फ्लोट हा प्रकार अधिक सोयीचा आहे.

फळांची निवड

आकाराने लहान म्हणजे फळ वाईट, असे नाही. कोळशीमुळे काळी पडलेली सालसुद्धा वरवरचीच असते. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढलेली ती बुरशी ओल्या फडक्याने पुसून निघते आणि आतील रस चांगला असतो. मात्र पुढील फळे रसासाठी मुळीच घेऊ नयेत.

१. सडलेली, मऊ पडलेली किंवा बुरशी आतपर्यंत गेलेली फळे.
२. रस शोषणाऱ्या पतंगाने छिद्र पाडलेली फळे. अंबिया बहारात अशी गळ विशेष आढळते. छिद्रातून जंतूंचा शिरकाव झाल्याने आतील भाग आंबलेला असतो. ही फळे गोळा करून खड्ड्यात पुरावीत.
३. कीटकनाशकाची फवारणी करून प्रतीक्षा कालावधी पूर्ण न झालेल्या झाडांची फळे. डब्यावरील सूचना पाहूनच तोडणी करावी.

पूर्ण पिकलेली, हाताला घट्ट लागणारी फळे निवडून स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावीत व कोरडी करावीत.

रस कडू का होतो?

पुष्कळ गृहिणींचा अनुभव असा की, काढल्याबरोबर गोड लागणारा संत्र्याचा रस दोन-चार तासांनी कडवट होतो. याचे कारण फळातच आहे. संत्र्याच्या बिया, फोडींवरील पातळ पडदा आणि सालीखालचा पांढरा भाग यांत एक बेचव द्रव्य असते. रस काढताना ते आंबट रसात उतरते आणि हळूहळू त्याचे लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होते. रस तापविल्यास हा बदल लवकर घडतो. म्हणून साल काढून, फोडी सुट्या करून, पांढरे धागे व बिया शक्य तितक्या काढाव्यात. फोडी मिक्सरमधून बियांसह फिरवू नयेत. हातदाबाच्या यंत्राने हलका दाब देऊन रस काढावा व पातळ कापडातून गाळावा. शेवटचा थेंबही निघावा म्हणून चोथा पिळण्याचा मोह टाळावा. त्या शेवटच्या थेंबातच कडवटपणा असतो.

संत्रा स्क्वॅश

साहित्य : संत्र्याचा रस १ लिटर (बारीक फळे सुमारे अडीच ते तीन किलो), साखर १ किलो ७५० ग्रॅम, पाणी १ लिटर, सायट्रिक आम्ल २५ ग्रॅम, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २ ग्रॅम.

कृती : पाण्यात साखर व सायट्रिक आम्ल घालून उकळी येईपर्यंत तापवावे. वर येणारी मळी काढून पाक कापडातून गाळून घ्यावा आणि पूर्ण थंड होऊ द्यावा. पाक थंड झाल्यावरच त्यात रस मिसळावा. गरम पाकात रस घातल्यास संत्र्याचा ताजा स्वाद उडून जातो व कडवटपणाही वाढतो. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट थोड्या स्क्वॅशमध्ये विरघळवून मग ते सर्व मिश्रणात नीट ढवळावे. उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत स्क्वॅश भरावा. वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवून झाकण घट्ट लावावे. बाटल्या थंड व अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावी.

वरील प्रमाणात सुमारे ३ लिटर स्क्वॅश तयार होतो. स्क्वॅशमध्ये रसाचे प्रमाण किमान २५ टक्के व एकूण विद्राव्य घटक किमान ४० टक्के असावेत, असे प्रमाण आहे. वरील कृतीत ही दोन्ही प्रमाणे पाळली जातात.

परिरक्षकाबाबत विशेष काळजी घ्यावी. स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा दर किलोस ३५० मिलिग्रॅम आहे. दिलेले २ ग्रॅमचे प्रमाण या मर्यादेत बसते. चमच्याने अंदाजे टाकू नये. घरात बारीक काटा नसल्यास सराफाकडून २-२ ग्रॅमच्या पुड्या वजन करून आणाव्यात. जास्त टाकल्याने टिकवण फारशी वाढत नाही, पण उग्र वास येतो व आरोग्यास अपाय होतो. दमा असलेल्या व्यक्तींना या द्रव्याचा त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी परिरक्षक न घालता थोडाच स्क्वॅश करून फ्रिजमध्ये ठेवावा व चार-पाच दिवसांत संपवावा.

घरचे आइस्क्रीम

घरी म्हैस असेल तर आइस्क्रीम विकत आणण्याची गरज नाही. १ लिटर ताजे म्हशीचे दूध मंद आचेवर पाऊण लिटर होईपर्यंत आटवावे. त्यात १५० ग्रॅम साखर घालावी. १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या थंड दुधात कालवून ओतावे व पाच मिनिटे ढवळत शिजवावे. गार झाल्यावर २०० मिलिलिटर ताजी साय घोटून मिसळावी. लोण्यासाठी आठवडाभर साठविलेली साय घेऊ नये, कारण ती आंबलेली असते. असे मिश्रण सुमारे १० टक्के स्निग्धांशाचे होते. बाजारातील आइस्क्रीमलाही किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश लागतो. डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहिले असल्यास त्यात वनस्पतिजन्य तेल वापरलेले असू शकते, हे घेताना पाहावे.

मिश्रण फ्रिजरमध्ये अर्धवट गोठल्यावर बाहेर काढून घुसळावे व पुन्हा ठेवावे. असे दोन-तीन वेळा करावे. घुसळल्याने बर्फाचे खडे बारीक राहतात व हवा मिसळते. या हवेमुळेच आइस्क्रीम हलके होऊन पेल्यात तरंगते. कुल्फीत हवा नसल्याने ती जड असते व नीट तरंगत नाही.

फ्रिजर नसल्यास हाताने फिरविण्याचा आइस्क्रीम पॉट वापरावा. बाहेरच्या बादलीत ४ ते ५ किलो फोडलेल्या बर्फास १ किलो जाडे मीठ असे थर द्यावेत. नुसता बर्फ शून्य अंशाला वितळतो. मिठामुळे त्याचा वितळणबिंदू खाली जातो आणि मिश्रण उणे १० अंशांच्याही खाली जाऊ शकते. त्यामुळेच आतील दूध गोठते. बादलीतील बर्फ लादीचा चालतो, मात्र तो पेयात घालू नये. खारे पाणी डब्यात शिरणार नाही याकडे लक्ष द्यावे.

वीज जाऊन आइस्क्रीम पूर्ण वितळले व कोमट झाले असल्यास ते पुन्हा गोठवून वापरू नये. गोठविल्याने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते.

फ्लोट तयार करणे

एका मोठ्या पेल्यासाठी : स्क्वॅश ५० मिलिलिटर, अतिथंड सोडा १५० मिलिलिटर, आइस्क्रीमचा १ गोळा (सुमारे ६० ग्रॅम), सोललेल्या फोडी ४ ते ५.

प्रथम पेला थंड करून घ्यावा. तळाशी फोडी व स्क्वॅश घालावा. सोडा पेला तिरपा धरून कडेने हळू ओतावा आणि लांब चमच्याने एक-दोनदाच हलवावे. पेला दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. शेवटी आइस्क्रीमचा गोळा अलगद सोडावा व लगेच द्यावे.

हा क्रम का पाळावा, हे समजून घेणे उपयुक्त आहे.

पहिली गोष्ट फेसाची. सोड्यात कर्बवायू दाबाने मिसळलेला असतो. आइस्क्रीमच्या खडबडीत पृष्ठभागावर बर्फाचे बारीक कण व हवेचे बुडबुडे असतात, तेथे हा वायू भराभर सुटतो. दुधातील प्रथिने बुडबुड्यांभोवती वेष्टण तयार करतात, म्हणून हा फेस साध्या सोड्याच्या फेसासारखा चटकन विरत नाही. आइस्क्रीम आधी ठेवून वरून सोडा ओतल्यास पेला उतू जातो.

दुसरी गोष्ट थंडपणाची. २० अंश तापमानाला पाण्यात जितका वायू मावतो, त्याच्या जवळपास दुप्पट वायू शून्य अंशाला मावतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा कोमट बाटली उघडताच निम्मा सोडा फसफसून वाया जातो. बाटली आदल्या रात्रीच थंड करण्यास ठेवावी.

तिसरी गोष्ट दूध फाटण्याची. दुधाचा सामू ४.६ च्या आसपास उतरला की त्यातील केसीन हे प्रथिन साकळते. संत्र्याच्या रसाचा सामू साधारण ३.५ ते ४ असतो. त्यामुळे वितळलेले आइस्क्रीम पेयात मिसळेल तेथे बारीक कण दिसू लागतात. हे कण अपायकारक नसतात, पण पेय दिसायला चांगले राहत नाही. आइस्क्रीम कडक गोठलेले असावे, ते ढवळू नये आणि पेय दहा मिनिटांत संपवावे, म्हणजे ही अडचण जाणवत नाही.

इतर फळे

मे महिन्यात गावरान आंब्याचा गर वापरता येतो. पिकलेला आंबा संत्र्यापेक्षा कमी आंबट असल्याने दूध फाटण्याचा त्रास कमी होतो. जांभळाचा रस फ्लोटला सुंदर रंग देतो, परंतु पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमुळे जांभळाचा व डाळिंबाचा रंग उडतो, म्हणून हे रस ताजेच वापरावेत. सीताफळाचा गर तापविल्यास कडू होतो. तो न शिजवता, सोड्याऐवजी थंड दुधात घालून वर आइस्क्रीम द्यावे.

हिशेब आणि मर्यादा

३ लिटर स्क्वॅशपासून सुमारे ६० पेले होतात. त्यासाठी तीन किलो बारीक फळे व पावणेदोन किलो साखर लागते. आपल्या गावचा साखरेचा, सोड्याचा व बाटल्यांचा भाव मांडून प्रत्येकाने एका पेल्याचा खर्च काढावा आणि तो बाजारातील बाटलीशी ताडून पाहावा. चुरीच्या मालाला व्यापारी देतो तो भावही या हिशेबात फळांच्या खात्यावर लिहावा, म्हणजे खरा फायदा कळेल.

मात्र एका पेल्यात स्क्वॅश व आइस्क्रीम मिळून सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे आठ लहान चमचे साखर जाते. तेव्हा हे रोजचे पेय नव्हे. पाहुणे आले, मुलांची परीक्षा संपली, अशा प्रसंगीच करावे. मधुमेही व्यक्तींनी ते टाळावे. रोजच्या तहानेला पाणी, ताक आणि खाण्यास ताजे संत्रेच उत्तम.

महिला बचत गटांना स्क्वॅश विकावयाचा असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नोंदणी करून घ्यावी. बाटलीवर घटक, परिरक्षक व तयार केल्याची तारीख लिहावी. प्रशिक्षणासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

यंदा मृगाचा तोडा झाल्यावर झाडाखाली राहिलेली निरोगी बारीक फळे वेगळी काढून एक लिटर रसाचा स्क्वॅश प्रथम घरापुरता करून पाहावा. कृती हातात बसली की प्रमाण वाढविता येईल आणि व्यापाऱ्याने नाकारलेले फळ निदान आपल्या घरी तरी मोलाचे ठरेल.