जावात फोल्डर करताना त्याच नावाची फाइल आडवी आली तर?



चौथीच्या मुलांना शनिवार पेठेत फिरवून आणलं, की फोटोंचा ढीग होतो. एकट्या शनिवारवाड्यालाच पाच दरवाजे: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण. प्रत्येकाचे फोटो वेगळे राहावेत म्हणून भाच्याच्या मदतीने जावात छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने 'पेठ/शनिवारवाडा/दिल्ली' असे एकात एक फोल्डर करायचे, एवढंच काम.

प्रोग्राम निमूटपणे चालला. काही तक्रार नाही, आणि फोल्डरही नाही!

शोधल्यावर कळलं, की 'पेठ'मध्ये 'शनिवारवाडा' नावाची एक फाइल आधीच होती. एका जागी एकाच नावाची फाइल आणि फोल्डर दोन्ही राहू शकत नाहीत, आणि फाइलच्या पोटात फोल्डर होत नाही.

मग जावाने सांगितलं का नाही? आम्ही 'एमकेडिर्स' ही जुनी पद्धत वापरली होती. ती मधले सगळे फोल्डर करते खरी, पण अडली की नुसतं 'फॉल्स' असं उत्तर देते. फोल्डर आधीच असेल तरीही 'फॉल्स'च! आम्ही तर ते उत्तर पाहिलंच नव्हतं.

२०११च्या जावा ७पासून 'फाइल्स.क्रिएटडिरेक्टरीज' आहे. तीच वापरा. फोल्डर आधीपासून असेल तर ती गप्प पुढे जाते, फाइल आडवी आली तर एक्सेप्शन देते. इथे एक गोम आहे. शेवटच्याच नावाची फाइल असेल तर 'फाइलऑलरेडीएक्झिस्ट्सएक्सेप्शन' येतं. आमच्यासारखी मधेच फाइल असेल तर लिनक्सवर साधं 'फाइलसिस्टिमएक्सेप्शन' येतं, आणि त्यात बोट असतं 'दिल्ली'कडे! म्हणून पकडताना 'फाइलसिस्टिमएक्सेप्शन' पकडा, पहिलं त्याच्याच पोटात येतं. मग 'गेटपेरेंट'ने एकेक पायरी वर चढा. जे नाव अस्तित्वात आहे पण 'फाइल्स.इजडिरेक्टरी' त्याला नाही म्हणते, तीच आडवी आलेली फाइल.

"आधी फोल्डर आहे का बघू, नसेल तरच करू," असंही सुचतं. पण बघणं आणि करणं यांच्यामध्ये दुसरा एखादा प्रोग्राम त्याच नावाची फाइल करू शकतो. त्यापेक्षा थेट करायला सांगा, चूक आली तर पकडा.

आता त्या फाइलचं काय? भाचा म्हणाला, "मावशी, डिलीट कर आणि पुढे जा." मी आधी उघडून पाहिली. त्यात मुलांनी सांगितलेली वाड्याची वर्णनं होती, मीच टाइप केलेली, नावापुढे .टीएक्सटी लावायचं विसरून! दुसरी प्रत कुठेच नव्हती. प्रोग्रामला आपोआप डिलीट करायला लावलं असतं तर सगळं गेलं असतं.

म्हणून 'फाइल्स.मूव्ह'ने तिचं नाव 'शनिवारवाडा-वर्णन.टीएक्सटी' केलं. 'रिप्लेस_एक्झिस्टिंग' हा पर्याय मुद्दाम दिला नाही. तो न दिल्यास नव्या नावाची फाइल आधीच असली, तर जावा थांबते, तिच्यावर लिहीत नाही. मग प्रोग्राम पुन्हा चालवला आणि पाचही दरवाजांचे फोल्डर झाले.