घसा दुखून गेला आणि मूल बदलले

मुलीचा घसा दुखला, ताप आला, दोन दिवस गोळ्या घेतल्या, बरे वाटले. मग महिन्या-दोन महिन्यांनी तिच्या हातातून पेला निसटू लागतो. अक्षर बिघडते. बसल्याजागी हातपाय आपोआप उडतात, तोंड वेडेवाकडे होते, जरा बोलले की रडू येते. शाळेतून तक्रार येते, घरात मार बसतो, शेजारीण नजर काढायला सांगते.

या आजाराला सिडेनहॅम कोरिया म्हणतात. इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस सिडेनहॅम यांनी १६८६ साली त्याचे वर्णन केले. बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना होतो, त्यातही मुलींना जास्त. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू शिरला की शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडे तयार करते. काही मुलांत ही प्रतिपिंडे जंतू आणि आपलेच शरीर यांत गल्लत करतात. मग सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा बिघडतात, किंवा हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूचा भाग दुखावतो.

हातपाय उडणे बहुतेकदा काही महिन्यांत थांबते. झडपेचे तसे नाही. म्हणून छातीत काहीही त्रास नसला तरी या मुलीची टू-डी इको तपासणी झालीच पाहिजे, आणि डॉक्टरांनी सांगितलेले पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, अनेक वर्षे, न चुकता घेतले पाहिजे. एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात तिथे घशाचा जंतू सहज पसरतो. त्यामुळे हा आजार आपल्या वस्त्यांना परका नाही.

इथवर डॉक्टरांत फारसे दुमत नाही. पुढे वाट धूसर होते.

१९९८ साली अमेरिकेतील सुसान स्विडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास मुलांची नोंद मांडली. मूल अचानक मंत्रचळ लागल्यासारखे पुन्हापुन्हा हात धुते, तोच प्रश्न शंभरदा विचारते, मान उडवते, आणि त्याआधी घशाचा संसर्ग झालेला असतो. याला त्यांनी पँडास हे नाव दिले. पण शाळकरी मुलांचा घसा वर्षातून कितीदा तरी दुखतो. मान उडवणे, डोळे मिचकावणे हे आपणहूनही कमी-जास्त होत असते. मग दोन्हींचा संबंध खरा की योगायोग? एएसओ ही रक्ततपासणी वाढलेली आली की पालकांना वाटते, निदान झाले. ती एवढेच सांगते की या जंतूशी आधी कधीतरी गाठ पडली होती. धडधाकट मुलांतही ती वाढलेली सापडते. म्हणून २०१२ साली पॅन्स हे व्यापक नाव आले. त्यात मंत्रचळ किंवा अन्न टाकणे एकाएकी सुरू झालेले असावे लागते, संसर्ग सिद्ध व्हावा लागत नाही. पक्की ठरवणारी एकही तपासणी आजही नाही.

अशा वेळी दोन्हीकडून फसगत होते. एक डॉक्टर ‘लाडावलेले आहे’ म्हणून घरी पाठवतो. दुसरा महिनोन्महिने अँटिबायोटिक देतो, महागडी इम्युनोग्लोब्युलिनची सलाईन सुचवतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ३५ मुलांवरील चाचणीत या सलाईनमध्ये आणि नुसत्या खोट्या सलाईनमध्ये ठोस फरक दिसला नव्हता. कर्ज काढण्याआधी हे माहीत असलेले बरे. मंत्रचळावर समुपदेशन आणि औषधे असतात. कारण सापडेपर्यंत त्यांच्यासाठी थांबायची गरज नसते.

मोठ्यांचेही थोडे सांगतो. तरुण बाई, क्वचित पुरुष, चार दिवस ताप-डोकेदुखी होऊन एकाएकी संशय घेऊ लागते, झोप उडते, आवाज ऐकू येतात, मग फिट येते किंवा वाचा बसते. मेंदूतील एनएमडीए रिसेप्टरवर प्रतिपिंडांनी हल्ला केल्याने असे होऊ शकते, हे जोसेप दालमाऊ यांनी २००७ साली दाखवले. कधी त्यामागे अंडाशयातील गाठ असते, कधी आधी होऊन गेलेला हर्पिसचा मेंदूज्वर, पुष्कळदा काहीच सापडत नाही. एमआरआयही अनेकदा साफ येतो. नुसत्या रक्ताच्या अहवालावर विसंबता येत नाही, पाठीच्या मणक्यातून काढलेले पाणी तपासावे लागते. त्या सुईने पाय लुळे पडतात ही समजूत आम्ही नेहमी ऐकतो. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रोगी सुधारतात. अर्थात मनाचा प्रत्येक आजार या जातीचा नसतो, बहुसंख्य नसतातच. म्हणून चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

बदल कोणत्या तारखेला दिसला आणि ताप कधी आला होता, हे वहीत लिहून ठेवा. हळूहळू झाले की एका रात्रीत, हे डॉक्टरांना त्या वहीतूनच कळते. हातपाय उडताना मोबाईलवर चित्रीकरण करा, कारण दवाखान्यात मूल नेमके शांत बसते. फिट, गुंगी, बोलणे बंद किंवा अन्नपाणी बंद असेल तर त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या. पैशाची अडचण असेल तर तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.