दगडफुलाचा पक्का पत्ता

गोडा मसाल्यातले दगडफूल हे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. त्यातली एक मुख्य जाती पार्मोट्रेमा पर्लेटम. बाजारातल्या पुडीत मात्र बहुधा अनेक जाती मिसळलेल्या असतात. त्यामुळे ही जाती सह्याद्रीत नेमकी कुठे वाढते, याचा पुरावा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जपलेल्या नमुन्यांकडेच मागावा लागतो. प्रत्येक नमुन्याच्या पाकिटावर ठिकाण, तारीख, झाड की खडक, असे सारे टिपलेले असते. जुनी नावे चुकलेली असतील, हा आक्षेप रास्त आहे. पण नमुना हाताशी असला की नाव पुन्हा तपासता येते. दिसायला जवळच्या रेटिक्युलेटम जातीत सॅलाझिनिक आम्ल सापडते, पर्लेटममध्ये स्टिक्टिक, आणि वाळलेल्या तुकड्यातही ही आम्ले वर्षानुवर्षे टिकतात. नुसत्या छायाचित्राला ही कसोटी लावता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: संग्राहक जिथे पोचतात, तिथलेच नमुने येतात. म्हणून नकाशावरची कोरी जागा म्हणजे ‘नाही’ नव्हे, ‘अजून पाहिलेले नाही’ एवढेच. दगडफूल फार सावकाश वाढते आणि जंगलातून खरवडून आणले जाते. ते किती काढावे हे ठरवण्याआधी ही पाकिटे उघडून पाहावीत.