पहिल्या पावसानंतरची फेरी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मूल, सावली, सिंदेवाही किंवा ब्रह्मपुरी यांपैकी कोणत्याही गावच्या हार्डवेअरच्या दुकानात तासभर बसून पाहावे. गिऱ्हाईक येते, टिनपत्र्याचा भाव विचारते, घासाघीस करते आणि पायरी उतरता उतरता थांबून म्हणते, ''सेठजी, तुमच्या ओळखीचा एखादा चांगला मिस्त्री हाये का?''

आपल्यापैकी पुष्कळांनी या प्रश्नाला वर्षानुवर्षे वहीतून मान वर न करता उत्तर दिले आहे. एक नाव सांगायचे, एक मोबाइल क्रमांक लिहून द्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळायचे. मीही तेच करीत आलो. परंतु त्याच गल्ल्यावर दुपारी मिस्त्री येऊन सांगतो की पंधरा दिवसांत हाताला काम नाही. आणि संध्याकाळी घरमालक येऊन सांगतो की छप्पर उघडे पडले आहे, माणूस मिळत नाही. दोघेही खरे बोलत असतात. आमच्याच गावचे दोन मिस्त्री एका वर्षी मिरची तोडणाऱ्यांच्या जथ्याबरोबर तेलंगणात गेले, तेव्हा इकडे निम्म्या घरांची डागडुजी खोळंबली होती. नव्या गिऱ्हाईकाचा शोध घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, हे मला त्या वर्षी उमगले. ते पायरीवर उभेच होते.

झाडीपट्टीत कामाला तोटा नाही. कवेलूची घरे अजून हजारोंनी आहेत आणि वानरांची टोळी एकदा त्यावरून धावली की दहा-वीस कवेलू फुटलेच म्हणून समजावे. पूर्वी दर उन्हाळ्यात कवेलू फेरले जात. आता ते फेरणारे हात थोडे उरले आणि भट्टी लावणारे कुंभारही. म्हणून लोक टिनपत्र्याकडे वळले. मग चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसवेना, म्हणून आढ्याखाली छत आले, कूलर आला, त्यासाठी वायरिंग आले, आणि ऐपत वाढली तशी स्लॅब आली. घर एक, पण त्यात सुतार, वेल्डर, वीजतंत्री, नळवाला, रंगारी असे पाच-सहा कारागीर क्रमाने शिरतात. पहिल्याने चांगले काम केले तर पुढच्या पाचांची वाट मोकळी होते. त्याने फसवले तर त्या उंबरठ्यावर आपले दुकानही परके ठरते.

येथे आमच्या दुकानाची एक जुनी चूक सांगतो. गिऱ्हाईक आणून देणाऱ्या मिस्त्रीला सिमेंटच्या पोत्यामागे ठरावीक रक्कम द्यायची, अशी आमची रीत होती. पुष्कळ ठिकाणी आजही ती आहे. रंगाच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन घालून कंपन्या हेच अधिक सुबकपणे करतात. आम्हाला त्यात गैर वाटले नव्हते. माणूस गिऱ्हाईक आणतो, त्याचा मोबदला घेतो. एका गावी तीन खोल्यांच्या छपाईसाठी मिस्त्रीने गरजेपेक्षा बरीच जास्त पोती मागवली आणि आम्ही न विचारता पाठवली. काम संपले, सहा पोती उरली, ओसरीवर पावसाची हवा खाऊन दगड झाली. दिवाळीनंतर त्या गावची मंडई भरली. आपल्याकडे मंडईला पाहुणे येतात, रात्री नाटक होते आणि दिवसा लोक एकमेकांची घरे पाहतात. त्या ओसरीवरची सहा पोती किती पाहुण्यांनी मोजली असतील, देव जाणे. भांडायला कोणी आले नाही. भांडण झाले असते तर बरे, निदान काही बोलता आले असते. पुढच्या दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी वडिलांनी जुनी वही चाळली आणि त्या गावाचे एकही नाव वर्षभरात लागलेले नाही, हे बोट ठेवून दाखवले. पोत्यामागच्या चार पैशांत आम्ही एक घर मिळवले होते आणि एक गाव घालवले होते.

त्यानंतर पोत्यामागची रक्कम बंद झाली. मिस्त्री रागावले, दोघे दुसऱ्या दुकानाकडे गेले, हेही लपवीत नाही. त्याऐवजी आम्ही त्यांना अवजारांसाठी बिनव्याजी उधारी देऊ लागलो, न फोडलेली पोती आठ दिवसांत परत घेऊ लागलो आणि बिलावर गिऱ्हाईकाच्या नावाखाली काम करणाऱ्याचे नाव छापू लागलो. टोकन मात्र कंपनीच्या डब्यातच येते, ते आम्हाला थांबवता येत नाही. तेव्हा ते कोणाचे आणि कशासाठी, हे गिऱ्हाईकाला आम्हीच आधी सांगतो. सांगितल्यावर ''घेऊ द्या की, कष्ट करते ते'' असेच बहुतेक जण म्हणतात.

बिलावर नाव आले की मिस्त्रीलाही कामाची काळजी वाटू लागते, आणि त्याच नावामुळे पुढची गोष्ट शक्य झाली. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्या उन्हाळ्यात केलेल्या प्रत्येक घरी मिस्त्रीने एकदा जायचे. पैसे मागायला नाही, माल विकायलाही नाही. केवळ वर पाहायला. पत्र्याचा खिळा उंचवट्याऐवजी खोलगट भागात ठोकला असेल, रबरी वायसर विसरला असेल, तर पाणी तेथूनच येणार. मे महिन्याच्या उन्हात टाकलेल्या स्लॅबवर आळी करून दहा-बारा दिवस पाणी साठवले नसेल, तर बारीक भेगा पहिल्याच पावसात बोलू लागतात. अर्ध्या तासात बुजवता येणारी ही गळती दोन वर्षे तशीच राहिली की भिंत फुगते आणि मिस्त्रीचे नाव जाते. पहिल्या वर्षी या फेरीचा खर्च माझ्या मनात सलत होता. परंतु मिस्त्री छपरावर चढलेला दिसला की शेजारचा हमखास हाक मारतो, ''आमच्याकडेही जरा पाहून द्या.'' नवे गिऱ्हाईक असे येते. जाहिरातीच्या फलकाने ते आमच्याकडे क्वचितच आले.

दुसरी संधी मार्चमध्ये असते. घरोघरी कूलर माळ्यावरून खाली उतरतात. पंप अडकलेला, जाळी गंजलेली, वायर उंदराने कुरतडलेली. ही दुरुस्ती किरकोळ रकमेची, म्हणून चांगले कारागीर तिला हात लावत नाहीत. मला ते चुकीचे वाटते. कूलर बसवायला गेलेला माणूस खिडकी पाहतो, छत पाहतो, न्हाणीघराचा गळका नळ पाहतो. त्याने तेथे काही विकू नये, विचारले तर खरे सांगावे. पावसाळ्यापूर्वीचे काम त्यातून आपोआप ठरते.

वेळ ओळखणे हा या मुलखात अर्धा व्यापार आहे. धान घरात येऊन विकले जाते तेव्हा फरशी आणि छपाईची कामे निघतात. तेंदूपत्त्याचा हंगाम एप्रिल-मेचा; त्याचा पैसा हातात येईतो पाऊस दाराशी असतो. भामरागडकडे तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच तुटतो, म्हणून तिकडचा पत्रा आणि सिमेंट आधीच पोचलेले बरे.

सुतारकामाची गोष्ट वेगळी आहे. आलापल्लीच्या सागाचा लौकिक आपण अभिमानाने सांगतो. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले, तेव्हा मिरवणूक निघाली होती. परंतु येथील सामान्य गिऱ्हाईकाला सागाचा दरवाजा घेताना पहिली भीती वाटते ती लाकूड चोरीचे तर नाही ना, याची. वनविभाग दारात आला तर उत्तर घरमालकाला द्यावे लागते. जो सुतार मागण्याआधी आगाराची पावती आणि वाहतूक परवान्याची प्रत हातात ठेवतो आणि ओंडक्यावरचा हातोड्याचा ठसा दाखवतो, त्याचा दर थोडा चढा असला तरी लोक त्याच्याकडे जातात.

घरकुलांकडे आपण फक्त सिमेंटची मागणी म्हणून पाहतो, तेथेही जरा थांबावे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, शिवाय रोजगार हमीची ९० ते ९५ दिवसांची मजुरी. घर किमान २५ चौरस मीटरचे. पैसे टप्प्याटप्प्याने येतात. छत पडेपर्यंत ते संपतात आणि छपाई, दारे, फरशी मागे राहतात. हे कुटुंब दोन-तीन वर्षांनी, एका चांगल्या पिकानंतर, उरलेले काम काढणारच. पायाभरणीच्या वेळी जास्त सळई गळ्यात मारणाऱ्याकडे ते तेव्हा जाईल का?

चंद्रपूर शहरात चित्र थोडे निराळे आहे. कोळसा खाणी आणि औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेली मंडळी फोनवरच शोध घेतात. त्यांच्यासाठी दुकान नकाशावर असावे, कामाच्या आधीची आणि नंतरची छायाचित्रे असावीत, एवढे पुरे. ही छायाचित्रे आमच्याकडे सूनबाई जपतात. स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हवा, मोरीचा उतार कोणीकडे, हे बायका तिच्याशी मोकळेपणी बोलतात. पुरुषांच्या बैठकीत घेतलेली मापे तिने दोनदा बदलायला लावली आणि दोन्ही वेळा तीच बरोबर ठरली.

कारागिरांचे भांडवल हा आणखी एक अडसर. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आणि राजमिस्त्री आहेत. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांचे कर्ज अशी तिची रचना आहे. रंगारी व नळवाला त्या यादीत नाहीत, याची खंत वाटते. मिस्त्रीला अर्जाची भाषा अवघड वाटते. दुकानातील शिकलेल्या मुलाने एक दुपार त्याच्यासाठी दिली तर काय बिघडते?

ज्या गावाने आमच्याकडे पाठ फिरवली होती, तेथे चार वर्षांनी पुन्हा एक बिल लागले. आधी कूलरच्या पंपाचे, नंतर पत्र्याचे. या जूनमध्ये त्या घरी फेरीला जायचे आहे. मिस्त्रीने शिडी आणि वायसरची पिशवी काढून ठेवली आहे आणि या वेळी धाकट्या मुलालाही त्याच्याबरोबर छपरावर पाठवणार आहे.