उशिरा येणारा आजार आणि दिवाळखोर कंपनी

कारखान्यातील यंत्रात सापडून कामगाराचे बोट तुटले, तर नुकसानभरपाईचा प्रश्न त्यामानाने सोपा असतो. इजा कधी झाली, कोठे झाली, कोणाच्या हलगर्जीपणामुळे झाली, हे त्याच दिवशी सांगता येते. पण इजा आज झाली आणि ती दिसू लागायला तीस वर्षे लागली तर? तोपर्यंत कामगार निवृत्त झालेला असतो, कारखान्याचे दप्तर हरवलेले असते आणि माल बनवणारी कंपनी कदाचित दिवाळखोरीत निघालेली असते. मग भरपाई कोणी द्यायची? आणि जो अजून आजारी पडलेलाच नाही, त्याच्या वतीने आज न्यायालयात कोणी बोलायचे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉस उत्पादक कंपनीच्या निमित्ताने तो १९८२ साली उभा राहिला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ अपिलांमागून अपिले होत राहिली. ही हकीकत कायद्याची वाटली, तरी तिचे मूळ एका खनिजाच्या गुणधर्मात आहे. म्हणून सुरुवात तेथूनच करू.

तंतू शरीरात काय करतो?

ॲस्बेस्टॉस हे एकच खनिज नाही. तंतुमय सिलिकेट खनिजांच्या एका गटाला हे नाव आहे. पांढरा क्रायसोटाइल, निळा क्रोसिडोलाइट आणि तपकिरी अमोसाइट हे त्यातील व्यापारात आलेले मुख्य प्रकार. हे तंतू जळत नाहीत, उष्णता अडवतात आणि कापसासारखे कातून विणताही येतात. त्यामुळे बॉयलर, वाफेच्या नळ्या, जहाजे, ब्रेकचे लायनिंग, छपराचे पत्रे अशा असंख्य ठिकाणी त्यांचा वापर झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जहाजबांधणी गोद्यांमध्ये तर तो प्रचंड प्रमाणावर झाला.

हे तंतू उभे चिरले जाऊन अधिकाधिक बारीक होतात. डोळ्यांना न दिसणारा असा तंतू श्वासाबरोबर फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोचतो. तेथील भक्षक पेशी साधे धूलिकण गिळून टाकतात. पण तंतू पेशीपेक्षा लांब असला तर तो तिला पुरता गिळता येत नाही. दाह सुरू होतो आणि तो थांबत नाही. हळूहळू फुप्फुसात व्रणासारख्या टणक ऊती तयार होतात व धाप लागू लागते. हा ॲस्बेस्टॉसिस. याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटातील आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा एरवी दुर्मिळ असलेला कर्करोगही होतो. मेसोथेलिओमा प्रकट होण्यास बहुधा वीस ते पन्नास वर्षे लागतात. या मधल्या काळात माणूस स्वतःला निरोगीच समजत असतो.

कोणाला काय माहीत होते?

ब्रिटनमध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांच्या १९३० सालच्या अहवालाने धूळ आणि ॲस्बेस्टॉसिस यांचा संबंध स्पष्ट केला आणि १९३१ मध्ये तेथे धूळ रोखण्याचे नियम आले. अमेरिकेतील कंपन्यांमध्येही त्याच दशकात या धोक्यासंबंधी पत्रव्यवहार झाला होता. विषयाची फार वाच्यता होऊ नये, असा त्याचा सूर होता. ही पत्रे १९७० च्या दशकात न्यायालयांपुढे आली.

दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. न्यूयॉर्कचे डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली उष्णतारोधक आवरणे बसवणाऱ्या ६३२ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सर्व जण १९४२ च्या अखेरीस संघटनेच्या पटावर होते. सर्वसामान्य लोकसंख्येच्या प्रमाणानुसार त्यांच्यात फुप्फुस वा फुप्फुसावरणाच्या कर्करोगाने ६.६ मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात ४५ झाले. म्हणजे जवळजवळ सातपट. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांची अशी तुलना हा साथरोगशास्त्राचा पाया आहे आणि ती शिकवण्यास हे उदाहरण उत्तम आहे.

टेक्ससमधील अशाच एका कामगाराच्या दाव्यात (बोरेल खटला) अपील न्यायालयाने १९७३ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. आपल्या मालाबद्दल उत्पादकाला एखाद्या तज्ज्ञाइतकी माहिती असली पाहिजे आणि धोक्याची सूचना माल हाताळणाऱ्यापर्यंत पोचवली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. दावा लावणारा कामगार निकालापूर्वीच मरण पावला होता. या निर्णयानंतर दाव्यांचा ओघ सुरू झाला.

पैसे असताना दिवाळखोरी

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जॉन्स-मॅनव्हिलने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्याविरुद्ध सुमारे १६,५०० दावे पडून होते. कंपनी मात्र चालू स्थितीत होती आणि तिची मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त होती. मग दिवाळखोरी कशी? अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणानुसार कंपनी बंद करावी लागत नाही. देण्यांची फेरमांडणी करून ती चालू ठेवता येते आणि अर्ज करताच तिच्याविरुद्धचे सर्व दावे आपोआप थांबतात. भविष्यात येणाऱ्या दाव्यांचा बोजा सुमारे दोन अब्ज डॉलर होईल, असा कंपनीचा हिशेब होता. हा अर्ज प्रामाणिक हेतूने केलेला नाही, असा आक्षेप दावेदारांनी घेतला. पण १९८४ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने तो फेटाळला. मात्र पुढे आजारी पडणाऱ्यांचे हित पाहण्यासाठी त्याच न्यायालयाने एक कायदेशीर प्रतिनिधी नेमला. ज्यांची नावे कोणालाच, खुद्द त्यांनाही, माहीत नव्हती अशांचा हा प्रतिनिधी.

१९८६ च्या अखेरीस योजना मंजूर झाली. भरपाईसाठी एक विश्वस्त निधी उभारायचा, त्यात कंपनीचे शेअर, नफ्याचा वाटा आणि विमा कंपन्यांचे पैसे घालायचे, आणि यापुढे दावे कंपनीवर न लावता निधीकडेच करायचे, असे ठरले. विमा कंपन्यांनी मिळून ७७ कोटी डॉलर दिले. त्या बदल्यात त्यांच्यावरही दावे लावण्यास न्यायालयाने मनाई केली. ही मनाईच पुढे मोठ्या वादाचे कारण ठरली.

पहिली दोन अपिले

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अपील म्हणजे खटला पुन्हा पहिल्यापासून चालवणे नव्हे. अपील न्यायालय साक्षीदारांना पुन्हा बोलावत नाही. खालच्या न्यायालयाने कायदा नीट लावला की नाही, एवढेच ते तपासते. त्याआधी ते आणखी एक प्रश्न विचारते : हा आक्षेप घेण्याचा अधिकार तुम्हाला आहे का?

पहिल्या अपिलात (केन खटला, १९८८) नेमके हेच घडले. काही आजारी दावेदारांनी योजनेला आव्हान दिले. त्यांचा एक मुद्दा असा की, भावी रुग्णांना नोटीस न देता त्यांचे हक्क बांधून टाकले आहेत. न्यायालयाने उत्तर दिले, की तुम्ही आज आजारी आहात. भावी रुग्णांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुमचा नाही, त्यांना स्वतंत्र प्रतिनिधी आहे आणि त्याने अपील केलेले नाही. योजना कायम झाली. तर्क बिनचूक होता. पण ज्यांचा प्रश्न होता, ते स्वतः तो विचारायला हजर असणे शक्यच नव्हते, ही अडचण तशीच राहिली.

निधीचे काम १९८८ मध्ये सुरू झाले. जो आधी येईल त्याला आधी आणि पूर्ण रक्कम, अशी पद्धत होती. दावे अंदाजापेक्षा कितीतरी अधिक आले आणि १९९० च्या जुलैत न्यायाधीश वाइनस्टाइन यांनी देणी थांबवली. नव्या वाटपाची तडजोड तयार झाली. पण १९९२ मध्ये अपील न्यायालयाने तीही रद्द केली. वेगवेगळे हितसंबंध असलेल्या दावेदारांना एकाच गटात कोंबून त्यांच्या वतीने तडजोड करता येत नाही, हे त्याचे एक मुख्य कारण. अखेर १९९५ मध्ये नवी पद्धत आली : ठरलेल्या रकमेच्या फक्त १० टक्के, पण सर्वांना. २००१ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. २००२ च्या तक्त्यात मेसोथेलिओमासाठी साडेतीन लाख डॉलर लिहिलेले होते. ५ टक्क्यांनी हातात पडणारी रक्कम होते १७,५०० डॉलर.

वर्गात करून पाहण्याजोगे गणित

निधीत १००० रुपये आहेत आणि प्रत्येक दावा १०० रुपयांचा आहे असे समजा. आपला अंदाज १० दाव्यांचा, प्रत्यक्षात येतात ४०, तेही वर्षानुवर्षे एकामागून एक. ‘आधी येईल त्याला पूर्ण’ या रीतीने पहिल्या दहांना शंभर शंभर मिळतात आणि उरलेल्या तिसांना काहीच नाही. समान वाटपात प्रत्येकाला २५ मिळतील. पण त्यासाठी एकूण दावे ४० होणार हे पहिल्या दिवशीच कळायला हवे. समजा आपण २० चा अंदाज करून ५०-५० रुपये दिले, तर विसाव्या माणसानंतर पेटी रिकामी. फार सावध राहून ८० चा अंदाज केला, तर प्रत्येकाला साडेबारा रुपये मिळतील, शेवटी ५०० रुपये शिल्लक राहतील आणि अनेक रुग्ण अपुऱ्या मदतीवर मरून गेलेले असतील. चूक कोणत्याही बाजूला झाली, तरी तिची किंमत रुग्णच देतात. म्हणून या निधीचा खरा आधार वकिलांच्या युक्तिवादापेक्षा, किती जण धुळीत किती वर्षे होते याच्या नोंदी आणि सेलिकॉफांसारख्यांचे अभ्यास हाच असतो.

जुन्या हुकमाचा प्रश्न

पुढे काही दावेदारांनी ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीवर थेट दावे लावले. ॲस्बेस्टॉसचा धोका कंपनीला माहीत होता व तिने तो दडवला, असे त्यांचे म्हणणे होते. १९८६ च्या हुकमाने असे दावे बंद आहेत, असे कंपनी म्हणत होती. २००४ मध्ये तडजोड होऊन सुमारे पन्नास कोटी डॉलर देण्याचे ठरले आणि दिवाळखोरी न्यायालयाने जुन्या हुकमाचा अर्थ स्पष्ट केला. अपील न्यायालयाने २००८ मध्ये तो निर्णय उलटवला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की १९८६ मध्ये तो हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला होता की नव्हता, हा वाद तेव्हाच घालायला हवा होता. हुकूम अंतिम झाल्यावर तो उकरून काढता येणार नाही. मात्र हुकूम नेमका कोणाकोणाला बांधतो, हे त्या निकालाने ठरवले नाही. त्यामुळे २०१० मध्ये अपील न्यायालयाने चब या दुसऱ्या विमा कंपनीला त्यातून सोडवले, कारण १९८६ मध्ये तिला पुरेशी नोटीस मिळाली नव्हती. यामुळे तडजोडीच्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, असे म्हणून ट्रॅव्हलर्सने पैसे द्यायचे नाकारले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तिला पैसे देण्यास फर्मावले. तडजोडीपासून येथवर दहा वर्षे गेली होती.

न्यायाला कोठेतरी पूर्णविराम लागतो, हे खरे. तो नसेल तर कोणीही निधीत पैसे घालणार नाही. पण नोटीस मिळालेली नसताना हक्क जाऊ नयेत, हेही तितकेच खरे. एका विमा कंपनीला या तत्त्वाचा आधार मिळाला. १९८६ मध्ये निरोगी असलेल्या माणसाला नोटीस पाठवायची ती कोणत्या पत्त्यावर, हा प्रश्न मात्र प्रतिनिधी नेमूनही पुरता सुटत नाही, असे आम्हाला वाटते.

मॅनव्हिलच्या नमुन्यावरून अमेरिकेने १९९४ मध्ये ॲस्बेस्टॉसपुरते खास कलम कायद्यात घातले. त्यानुसार मत देणाऱ्या दावेदारांपैकी किमान ७५ टक्क्यांची संमती आणि भावी दावेदारांसाठी प्रतिनिधी आवश्यक आहे. २०२४ मध्ये पर्ड्यू या औषध कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की दावेदारांच्या संमतीशिवाय त्रयस्थांना असे संरक्षण देण्याची मुभा दिवाळखोरी कायद्यात सर्वसाधारणपणे नाही. ॲस्बेस्टॉसचे कलम हा त्याला अपवाद आहे.

नोंदीचे मोल

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये, ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर, ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी काम सुरू झाल्यापासून किमान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. चाळीस हा आकडा कोठून आला, हे आता वाचकांना सांगावे लागू नये. आजार चाळीस वर्षे गप्प राहू शकतो. तेवढा काळ बोलत राहील असा पुरावा म्हणजे ती नोंद. विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : आपल्या गावातील एखाद्या धुळीच्या कारखान्यात आज काम करणाऱ्याला २०६० साली आपला दावा सिद्ध करायचा झाला, तर त्याच्याजवळ कोणते कागद असायला हवेत? त्या कागदांची यादी मुलांनी स्वतः करावी आणि त्यातले किती कागद आज प्रत्यक्षात ठेवले जातात, याची चौकशीही करावी.